कोणती नळी चढवू?

बाळंतपणापासून मी रायफलीला हात लावला नव्हता. आता निवड चाचणी पंधरवड्यावर आली आणि सराव व्हायचा तो बाळ झोपलं असतानाच. जुनी नळी गंजली म्हणून तळेगावच्या दुकानदाराने माझ्या छर्‍याच्या रायफलीसाठी दोन नळ्या वापरून बघायला दिल्या. जाड छर्‍याची नळी सायलेन्सरवाली, पण स्पर्धेत चालत नाही. बारीक छर्‍याची चालते, पण ठाक्कन वाजते. कोणती घ्यावी कळेचना. शेवटी टाकव्याला आत्यांच्या, म्हणजे सासूबाईंच्या, रिकाम्या गोठ्यात सायलेन्सरवाली चढवून छर्रा झाडला. नुसतं फुस्स झालं, तरी मागे झोळीतलं बाळ किंचाळत उठलं. "एवढ्यानंही उठतो, आत्या! आता कसली स्पर्धा?" सासूबाई त्याला थोपटत म्हणाल्या, "येडे, सापावानी फुसफुस कशाला करतीस? आठ म्हैने तुझ्या पोटात बंदुकीची ठाक-ठाक ऐकत निजलाय त्यो. वळखीचं वाजव की!" मी भीत भीत बारीक नळी चढवली. ठाक्! बाळाची मूठ हळूच सैल पडली.