फुकटचा बर्फ

"फुकट म्हणजे फुकट! पैसे काढाल तर बर्फ मिळणार नाही," बर्फवाला शटरखालून ओरडला, आणि रांगेतले लोक एकमेकांकडे बघू लागले. उष्ट्या हाताने कावळासुद्धा न हाकणारा हा माणूस. वितळून गटारात जाणाऱ्या पाण्याचंही हा बिल लावील, अशी त्याची ख्याती. पण कालपासून अख्ख्या शहराचे नळ बंद होते, ऊन मी म्हणत होतं, टँकरचा पत्ता नव्हता, आणि त्याच्या शीतघरात लाद्यांची थप्पी छताला टेकली होती. सकाळी शटर उचलताना त्याला घसे कोरडे पडलेले म्हातारेकोतारे दिसले आणि आत काहीतरी हललं. काय ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

नळ बंद केले होते ते त्याच्याच बायकोने. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेची ती प्रमुख. शहराच्या टाकीत तिला जंतू सापडले होते. "तुमचा बर्फही त्याच पाण्याचा आहे. मी तपासून सांगेपर्यंत विकू नका," असं बजावून ती एका लादीचा टवका बाटलीत घालून घेऊन गेली होती. बर्फवाल्याने मान डोलावली, पण मनातून त्याला हसूच आलं. ज्या खोलीत धडधाकट माणूस तासभर टिकत नाही, तिथे जंतूची काय टाप! शिवाय लादी कशी, तर पलीकडे वर्तमानपत्र धरलं तर इकडून वाचावं इतकी नितळ.

पहिला तुकडा त्याने कडेवर तापाचं पोर घेतलेल्या एका बाईच्या टोपात टाकला. ती दोनदा मागे वळून त्याच्याकडे बघत निघून गेली. दुसऱ्या तुकड्यासाठी त्याने लादीत आकडा रुतवला, तेवढ्यात मागच्या दाराने बायको धापा टाकत आत आली.

"विकू नका म्हणाले होते ना?"

"विकतोय कुठे? वाटतोय."

ती वाद घालत बसली नाही. तिने पिशवीतून काचेची झाकणबंद बशी काढली आणि त्याच्या हातात दिली. बशीत बीटाच्या रसासारखा गडद थर गोठला होता आणि त्यावर काळपट ठिपके होते. त्याने ती उजेडाकडे तिरपी केली, आणि ठिपके एकदम हिरव्या-सोनेरी झळाळीने चमकले. भुंग्याच्या पाठीसारखे.

"हे सोनं कसलं गं?"

"तुमच्या लादीतलं. काल एकेकटे होते, डोळ्यांना दिसलेही नसते. रात्रभर ऊब दिली, तर एकेकाचं हे एवढं खटलं झालं. थंडीने ते सगळे मरत नाहीत हो, झोपतात. पोटात गेले की जागे होतात."

त्याने समोरच्या लादीकडे पाहिलं. तीच नितळ लादी, आरपार उजेड जाणारी, डाग ना कचरा. तिच्या पोटात हे सगळं होतं! या खोलीत आपण एकटेच आहोत असं तो समजत होता, आणि भोवती गावंच्या गावं निजली होती. खरं तर घाबरायला हवं होतं, पण आधी तो नुसता थक्क झाला. एवढंसं काहीतरी, ज्याला हात नाही, पाय नाही, डोळा नाही, ते त्याच्या शीतघरालाही पुरून उरलं होतं. त्याने बशी पुन्हा तिरपी केली, पुन्हा सरळ केली.

मग त्याला ते कडेवरचं पोर आठवलं.

तो शटरखालून बाहेर आला. "बर्फ मिळणार नाही," म्हणाला. रांगेत हशा पिकला. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही!" कुणीतरी टोमणा मारला. तो टोमणा गिळून त्याला शटर ओढता आलं असतं. खरं सांगितलं तर धंदा बसणार होता, आणि पुन्हा उभा राहील याची खात्री नव्हती. दारात उभी राहून बायको त्याच्याकडेच बघत होती.

"माझ्या बर्फात जंतू आहेत!" तो ओरडला. "कुणी हात लावू नका. आणि ती मघाची बाई राहते कुठे, ते आधी सांगा!"

छापखान्यामागची गल्ली, निळं दार. तो धावत सुटला. कित्येक वर्षांत तो असा धावला नव्हता. डोळ्यांसमोर ते सोनेरी ठिपके नाचत होते, आणि प्रत्येक पावलाला वाटत होतं, आता जागे झाले असतील, आता.

निळं दार उघडंच होतं. खाटेवर पोर डोळे मिटून पडलं होतं. उशाशी रिकामा पेला, ओठ ओले. बर्फवाला दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला.

"बर्फ... पाजलात?"

बाईने आधी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "छे! काल उकळून ठेवलेलं घोटभर होतं, ते पाजलं," ती म्हणाली आणि तिने मोरीकडे बोट दाखवलं. तिथे त्याचा तुकडा पडला होता, अर्धा वितळलेला, उन्हात हिऱ्यासारखा लखलखत.

बर्फवाला मटकन खाली बसला. पोराची छाती वरखाली होत होती, एवढंच तो बघत राहिला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"पण टाकलात का?" डोळे पुसत त्याने विचारलं. "तुम्हाला तर कुणी काही सांगितलं नव्हतं."

बाई ओशाळली. पदराशी चाळा करत म्हणाली, "रागावू नका शेठ, पण तुम्ही आणि फुकट देताय म्हटल्यावर माझ्या मनात पाल चुकचुकली."