फोनवर बोलणारे आजोबा

"पुन्हा लाव," मनकर्णाबाई म्हणाल्या.

भागवतनं मायसाठी मोबाइलवरची फिल्म पुन्हा लावली. त्यांच्या धाब्यावरची गिऱ्हाइकं चहा सोडून वाकली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली, 'गुढीपाडवा, १९४७'. मग बैलगाड्या, धोतरं, लेझीम. सगळं काळंपांढरं, वर ओरखडे. आणि गर्दीच्या कडेला फेटा बांधलेला, झुपकेदार मिशांचा एक गडी खुशाल कानाला मोबाइल लावून बोलत होता.

फिल्म कुणीतरी ग्रुपवर टाकली आणि हिंगोलीपासून कनेरगाव नाक्यापर्यंत लोक येडे झाले. कुणी म्हणे, हा पुढच्या काळातून आलेला माणूस. कुणी म्हणे, निजामाच्या राज्यात टॉवर कुठला, मग हा बोलत कुणाशी होता?

"नाक तर बराबर तुमचंच हाय," भागवतची बायको पुनम म्हणाली.

"आजोबाचं म्हण," भागवत चटकन बोलला. "माझं त्यांच्यावर गेलं."

झालं. मनकर्णाबाईंचे डोळे भरून आले. त्या सून म्हणून आल्या त्याआधीच सासरे वारले होते, आणि घरात त्यांचा एक फोटो नव्हता. पित्राला त्या नुसती सुपारी पुजायच्या. मरायच्या आधी सासऱ्याचं तोंड पाहायला मिळावं, एवढीच त्यांची आस होती.

"माय, एवढं काहून करून राहिली? लोक हसतील," भागवतनं सांगून पाहिलं. माय कुठली ऐकते. हिंगोलीहून फोटो मोठा होऊन आला, फोनसकट. गल्ल्याच्या वर खिळा भागवतनंच ठोकला. हार घालताना त्यानं डोळे मिटून घेतले. अशा वेळी माणूस भावुक होतोच.

आजोबांना पाहायला गर्दी लोटली आणि धाबा जोरात चालला.

"औंदा पाडव्याला सिद्धेश्वरला, माझ्या माहेरी यायचं म्हंजे यायचं," पुनम म्हणाली. "मागच्या पाडव्याला मी पुढं गेले अन् तुम्ही ऐन टायमाला फोन केला, ताप चढला म्हणून. बाबा वाट पाहून पाहून थकले."

"तुझे बाबा जावयाला हळद शिजवायला उभं करतात."

"म्हंजे ताप खोटा व्हता?"

भागवतनं फोटोवर हात ठेवला. "या आजोबाची शपथ. फणफणलो होतो."

पुनम विरघळली. तिनं त्याला वरून तूप घालून खिचडी वाढली.

तेवढ्यात व्यंकटराव गुरुजी चहाला आले. रिटायर शाळामास्तर, पंचांगाचे भारी नादी. नातीच्या लग्नपत्रिकेतही त्यांनी इंग्रजी तारीख येऊ दिली नव्हती. ते फोटोसमोर थबकले.

"अरे, हा तर माझ्या फिल्ममधला फोटो. फिल्म नातीनं जुन्यासारखी करून दिली, ओरखडेसुद्धा तिनंच टाकले. पण भागवत, हार काहून घातला रे?"

"गुरुजी, १९४७ लिवलंय न्हवं?" मनकर्णाबाई म्हणाल्या.

"व्हय, शके १९४७. अजून चालूच आहे. येत्या पाडव्याला अठ्ठेचाळीस लागंल." गुरुजींनी बशीत चहा ओतला. "मागच्या पाडव्याच्या शोभायात्रेत काय शोभत होता तुमचा पोरगा. मिशी तेवढी सारखी सुटून राहिली होती."

मनकर्णाबाईंनी लगबगीनं हार उतरवला आणि जित्या लेकराच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

पुनमनं फोटोतल्या फोनवर बोट टेकवलं. मग तिनं डोक्यावर पदर घेतला, भागवतसमोर येऊन हात जोडले आणि विचारलं, "आजोबा, ताप उतरला का?"