धक्क्यावरचा शब्द

शिडाच्या बोटीतून एकटीने सेशेल्सला जायचं उर्वशीने पक्कं केलं, तेव्हा वाद उरला तो एकच. सॅटेलाइट फोन घ्यायचा, की बोटीवरच्या रेडिओवरून ईमेल पाठवणारी सेवा?

"फोन घे गो," भाऊ सर्वेश म्हणाला. "बाबांका तुझो आवाज तरी आयकूक गावतलो."

"तेंचो माका आयकूचो नाय. ईमेलात कोणाक आरडूक येना नाय," असं म्हणून तिने ईमेलच घेतली.

निघताना मालवणच्या धक्क्यावर ती वडिलांना म्हणाली, "येतंय, बाबा." यावर घरच्यांनी "ये" म्हणायचं असतं. बाजारात निघालेल्यालाही इथे कोणी "जा" म्हणत नाही. जयराम तांडेल मुलीच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "जा."

किनारा दिसेनासा होऊन आठवडा झाला, तेव्हा कुठे बाबांची पहिली ईमेल रेडिओवर उतरली. इंग्रजी अक्षरांत एकच शब्द होता, "ये."

उर्वशीचं टाळकं सटकलं. तिने तिथल्या तिथे उत्तर धाडलं, "मी परत येवचंय नाय."

संध्याकाळी पुन्हा रेडिओ खरखरला.

"परत कोण बोलावता तुका? धक्क्यार म्हणूचा रवलला, ता आता म्हटलंय."