चार बायकांचा होमस्टे

केळव्याच्या प्रीतमने वाडीतल्या होमस्टेचा ब्रँड करायचं मनावर घेतलं आणि फेसबुकवर चार खोट्या बायकांना जन्म दिला. दादरची स्नेहा, ठाण्याची दीपिका आणि आणखी दोघी ‘चला समुद्रकिनारी’ या ग्रुपवर रोज हजर. एकीने भाबडेपणाने विचारायचं, “केळव्याला घरगुती जेवण कुठे मिळेल हो?” आणि उरलेल्या तिघींनी प्रीतमच्या पाहुणचाराचे गोडवे गात तिच्यावर तुटून पडायचं. हे सगळं प्रीतम झोपाळ्यावर लोळत करायचा आणि त्याला मेहनत म्हणायचा. शनिवार-रविवारी खोल्या भरू लागल्या.

मग ग्रुपवर कुठूनशी एक मंदाकिनी उगवली. तिने लिहिलं, “तिथे मुळीच जाऊ नका. मालक दिवसभर झोपाळ्यावर मोबाइल घेऊन पडलेला असतो. त्याची बायको एकटी चाळीस माणसांच्या भाकऱ्या थापते. आम्हाला तर घास गिळवेना.”

चौघी बायका एका दमात मंदाकिनीवर धावून गेल्या, पण तोवर शनिवारची सगळी बुकिंग रद्द झाली होती.

प्रीतम तणतणत स्वयंपाकघरात शिरला. “कुठल्या जन्माचं वैर काढते ही बया? रूपल, आपल्याकडे अशी कोन येऊन गेली गं?”

रूपलने पिठाचे हात सावकाश धुतले, पदराला पुसले.



“त्या चौघी तुमच्या, ही माझी हाय. आता पावणे आलेच, तर भाकऱ्या थापायला तुमच्या चौघींना बोलवा.”