इंग्रजी आठ

सकाळपासून फ्लॅम्बो नदीत गळ फेकून फेकून तिघांचे खांदे भरून आले होते. दुपार कलली तेव्हा कुठे वेंडेलचं आमिष बोटीकडे येताना त्याच्या मागे एक मस्की मासळी लागली. चांगली चार फुटी. वल्ह्यांवर बसलेल्या रसनं वल्ही थांबवली.

अशा वेळी आमिष वर काढायचं नसतं. गळाच्या काठीचं टोक पाण्यात बुडवून बोटीच्या कडेलाच इंग्रजी आठ गिरवायचा. मस्की झडप घालते ती त्या वळणावर. रसला आणि क्लिफला हा आठ शिकवला होता वेंडेलनंच, तीस वर्षांपूर्वी, याच नदीवर.

वेंडेलनं आमिष सरळ वर उचललं. मस्की क्षणभर तिथेच थबकली आणि काळ्या पाण्यात दिसेनाशी झाली.

"अरे आंधळ्या!" क्लिफ ओरडला. "पायाशी एवढं धूड आलं होतं! चष्मा बदल आता, म्हाताऱ्या!"

"खरंच दिसली नाही रे," म्हणत वेंडेलही हसला.

क्लिफ हसतहसतच कॉफी ओतायला पाठमोरा वळला, तसा वेंडेल रसजवळ सरकला. काठी त्यानं दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

"क्लिफला सांगू नकोस," तो हळूच म्हणाला. "मला दिसली होती ती. ती आली की पुढे काय करायचं असतं रे?"