हातमोजे

दिवाळीनंतर कसब्यातल्या संग्रहालयाची काचपेटी उघडली, तर तलवारीच्या पात्यावर गंजाचा लालसर डाग उमटलेला. जुन्या वस्तूंची निगा राखणाऱ्या रझियाला प्रमुखसाहेबांनी सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. “तीनशे वर्षं काही झालं नाही हिला! तुमची केमिकलं लागली आणि वाट लागली. या कबुलीवर सही करा आणि उद्यापासून येऊ नका.” रझिया हातमोज्यांशिवाय तलवारीला कधी शिवली नव्हती. खंडेनवमीच्या शस्त्रपूजेला मात्र तिनं हात जोडून नको म्हटलं तरी साहेबांनी पात्याला अंगठ्यानं ओलं कुंकू लावलं होतं. तिनं डागावर भिंग धरलं. गंजात बारीक रेषांची वर्तुळं स्पष्ट दिसत होती. “साहेब, अंगठा दाखवता का जरा?” साहेब वाकले, चरकले आणि त्याच अंगठ्यानं डाग खसाखसा पुसायला लागले. “पुसा की,” रझिया म्हणाली, “फोटो सकाळीच काढलाय. फक्त हातमोजे घाला.”