वाएनाचे माड

"यात तुमचे माड कुठले, ते दाखवा आजी," असं म्हणत मोजणी अधिकाऱ्याने फोटो रुविनाच्या पुढ्यात सरकवला.

फोटो दुसऱ्या महायुद्धातला होता. धावपट्टीसाठी माड तोडण्याआधी अमेरिकी विमानाने वरून काढलेला. काळे ठिपके म्हणजे माड. खोबऱ्याचा धंदा करणाऱ्या कंपनीने दोरी धरून लावलेले, सरळ ओळींत. कंपनीची जमीन आता सरकारची होती, आणि विमानतळाचं नवं कुंपण रुविनाच्या चुलीपलीकडून जाऊन तिचं घर आत घेणार होतं. तेवढा तुकडा आपल्या आजोबांचा, वाएनाचा, असं ती सकाळपासून सांगत होती. पुराव्याला एक बुंधाही उरला नव्हता.

तिने डोळे बारीक केले. सगळे ठिपके सारखेच दिसले.

"वाम शोध, वाम!" मागून म्हातारा हिते खिदळला.

गाव तिच्या घराण्याला 'वाम' म्हणायचं. वाएनाने दोरी न धरता माड लावले आणि रांग वाम माशासारखी वळवळत गेली, म्हणून. लग्न असो की मयत, ही थट्टा निघायचीच. रुविना जन्मभर मान खाली घालून ती ऐकत आली होती.

आता तिने मान वर केली.

"साहेब, एखादी वाकडी रांग आहे का बघा. खूप वाकडी. समुद्राकडे जाणारी."

अधिकाऱ्याने भिंग काढलं. त्याचं बोट ओळींवरून सरकत गेलं आणि थांबलं. सरळ ओळी संपत होत्या, तिथून वीसेक ठिपके डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे झुकत थेट वाळूपर्यंत गेले होते.

हिते उठून आला. फोटोला नाक लागेल इतका वाकला.

"हा वाएनाच," तो म्हणाला. "इतकी वाईट लागवड या बेटावर दुसऱ्या कुणाला जमली नसती. लिहा साहेब, मी सही करतो."

कधी न पाहिलेल्या त्या माडांवरून रुविनाने हळूच बोट फिरवलं. मग हसू लागली, आणि थांबेचना.

"हिते, रताळी भाजलीत. खाऊन जा."

"वामीच्या घरचं? खातो की."

अधिकाऱ्याने हद्दीच्या खुंट्या काढल्या, दोरीचं भेंडोळं सोडायला घेतलं. हितेने त्याचा हात धरला.

"दोरी ठेवा साहेब. या बाजूला ती चालत नाही."